विसावा क्रमांक: इंडियानाबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारांचं कुठे चुकलं

११ ऑगस्ट २०२५ रोजी असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने अमेरिकन कॉलेज फुटबॉलची हंगामपूर्व क्रमवारी जाहीर केली. पहिल्या क्रमांकावर टेक्सस, दुसऱ्यावर पेन स्टेट, तिसऱ्यावर ओहायो स्टेट, चौथ्यावर क्लेमसन. बरंच खाली, टेक्सस ए अँड एमच्या पाठोपाठ, विसाव्या जागी इंडियाना विद्यापीठ. पुढे १९ जानेवारी २०२६ च्या रात्री याच इंडियानाने मायामीला २७-२१ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. सोळा सामने, सोळा विजय.

निकाल हातात आल्यावर विसावा क्रमांक चुकला असं कुणीही म्हणेल. त्याला ना अभ्यास लागतो ना हिंमत. म्हणून मला या प्रकरणात निकाल बाजूला ठेवून एकच गोष्ट तपासायची आहे: ऑगस्टमध्ये मतदारांसमोर जी माहिती होती, तेवढ्याच माहितीवर हा क्रमांक पटण्यासारखा होता का? माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. इंडियाना विजेता होणार हे तेव्हा दिसत होतं असा माझा दावा नाही. ते कुणालाच दिसत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्या कसोट्या लावून इंडियानाला विसाव्या जागी बसवलं, त्या कसोट्या वरच्या एकोणीस संघांपैकी अनेकांना लावल्याच गेल्या नाहीत.

यादी बनते कशी

एपीची क्रमवारी १९३६ पासून दर आठवड्याला निघते आणि हंगाम सुरू होण्याआधीची यादी १९५० पासून. मत देणारे असतात क्रीडापत्रकार, साठ-पासष्टच्या आसपास. प्रत्येकाने पंचवीस संघ क्रमाने लिहायचे. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं शेवटच्याला १. सगळ्यांची बेरीज झाली की यादी तयार. २०२५ मध्ये टेक्सस आणि पेन स्टेट यांच्यात अवघ्या पाच गुणांचं अंतर होतं, यावरून वरच्या जागांवर किती दुमत होतं ते कळतं.

ऑगस्टमध्ये एकाही संघाने एकही सामना खेळलेला नसतो. मतदार मग मागच्या वर्षीची कामगिरी बघतो, कोण खेळाडू परतले ते बघतो, शाळेतून भरती केलेल्या मुलांना किती ‘स्टार’ मिळाले होते ते बघतो, वेळापत्रक बघतो आणि संघाचं नाव बघतो. शेवटची गोष्ट कुणी कबूल करत नाही, पण यादीवर तिचा ठसा स्पष्ट दिसतो. शिवाय बहुतेक पत्रकार आपापल्या गावातल्या एका संघाचं वार्तांकन करतात. देशभरातल्या सव्वाशेहून जास्त संघांचं दुसऱ्या फळीपर्यंतचं ज्ञान एका माणसाकडे असेल अशी अपेक्षाच चूक आहे, आणि यात मी मतदारांना दोष देत नाही.

आता राष्ट्रीय विजेता ठरवणारी बारा संघांची प्लेऑफ एपीच्या यादीवरून भरत नाही. त्यासाठी वेगळी निवड समिती असते आणि तिची पहिली यादी नोव्हेंबरच्या सुमाराला येते. मग ऑगस्टच्या यादीवरून भांडायचं कशाला, असं कुणी विचारेल. कारण पहिला क्रमांक पुढच्या आठवड्यांना बांधून ठेवतो. जिंकणारा संघ हळूहळू वर सरकतो, हरणारा खाली येतो, पण सुरुवातीची जागा बऱ्याच काळ मागे मागे येते. सप्टेंबरमध्ये याचं ठळक उदाहरण घडलं, ते पुढे सांगतो.

ब्लूमिंग्टनचं ओझं

पुण्यातल्या अनेकांना इंडियाना हे राज्य ठाऊक असतं ते कमिन्समुळे. कंपनीचं मुख्यालय ज्या कोलंबस गावात आहे, तिथून विद्यापीठाचं ब्लूमिंग्टन तासाभराच्या अंतरावर. या विद्यापीठाची ओळख मात्र बास्केटबॉलची. बास्केटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदं तिथे आहेत. फुटबॉलमध्ये २०२५ चा हंगाम सुरू झाला तेव्हा सर्वोच्च विभागात सर्वाधिक पराभव ज्याच्या नावावर होते तो संघ म्हणजे इंडियाना. इंडियाना ज्या गटात खेळतो त्या बिग टेन परिषदेचं शेवटचं विजेतेपद १९६७ चं, तेही वाटून घेतलेलं. हंगामाअखेरच्या बोल सामन्यातला शेवटचा विजय १९९१ चा.

२०२३ मध्ये ३ विजय आणि ९ पराभव झाल्यावर प्रशिक्षक टॉम ॲलन यांना निरोप देण्यात आला आणि जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी आले. साठी ओलांडलेला माणूस. वडील फ्रँक सिग्नेटी स्वतः नावाजलेले प्रशिक्षक. कर्ट २००७ पासून अलाबामा विद्यापीठात नामवंत प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली होते, २०११ मध्ये ती मोठी जागा सोडून पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. तिथून ईलॉन, मग जेम्स मॅडिसन. या तिन्ही ठिकाणी एकदाही विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत. ब्लूमिंग्टनला आल्यावर कुणीतरी विचारलं, खेळाडूंना तुमच्याकडे येण्यासाठी कसं पटवता? ते म्हणाले, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करून बघा. लोकांना तो उद्धटपणा वाटला. मला तो त्यांचा बायोडेटा वाटतो.

त्यांच्या मागोमाग जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आले. २०२४ च्या हंगामाआधी बिग टेनच्या वार्ताहरांनी १८ संघांत इंडियानाला १७ वं ठरवलं. संघ पहिले दहाही सामने जिंकला, ११ विजय आणि २ पराभवांवर थांबला आणि प्लेऑफमध्ये पोहोचला. विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात दहा विजय त्याआधी कधीच झाले नव्हते.

म्हणजे याच संघाला वर्षभरापूर्वी एकदा खाली ढकलून झालं होतं.

मतदारांची बाजू

ती कमकुवत नव्हती, आणि ती नीट मांडल्याशिवाय हरकत घेण्यात अर्थ नाही.

पहिला मुद्दा वेळापत्रकाचा. २०२४ मध्ये इंडियानाने हरवलेले बहुतेक संघ सामान्य होते. वेस्टर्न इलिनॉयला ७७-३, शार्लटला ५२-१४, पर्ड्यूला ६६-०. आकडे डोळे दिपवणारे, पण समोरचे संघ बुडत चाललेले. खरी परीक्षा दोनदा झाली. ओहायो स्टेटच्या मैदानावर ३८-१५ असा पराभव झाला, क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा आक्रमणाचा सूत्रधार, कर्टिस रूर्कला पाच वेळा मागे पाडलं आणि पहिली चढाई सोडली तर आक्रमण जागचं हललं नाही. मग प्लेऑफमध्ये नोत्र दामकडून २७-१७. तो आकडाही दिसतो त्यापेक्षा वाईट होता, कारण शेवटची काही मिनिटं उरेपर्यंत गुणफलक २७-३ होता. जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळत गेला आणि इंडियानाचा एकही खेळाडू त्याच्या जवळ पोहोचला नाही. हा संघ प्लेऑफमध्ये हवाच कशाला होता, अशी चर्चा त्या रात्रीच सुरू झाली.

दुसरा मुद्दा रूर्कचा. तो गेला होता, आणि नवा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मधल्या फळीतल्या संघातून येत होता.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार, तो २०२१ चा. २०२० च्या महामारीच्या हंगामात इंडियानाने ६ विजय आणि २ पराभव अशी कमाल केली होती. मतदारांनी विश्वास टाकला, २०२१ च्या हंगामपूर्व यादीत १७ वा क्रमांक दिला. पहिल्याच सामन्यात आयोवाने ३४-६ असं चिरडलं, आणि वर्षअखेर २ विजय, १० पराभव, परिषदेत एकही विजय नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. २०२५ चा विसावा क्रमांक म्हणजे हे फुंकून पिणं होतं, असं मला वाटतं. माणसाच्या अंगाने ते समजतं. पुराव्याच्या अंगाने पटत नाही.

हरकत

२०२१ पासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. २०२० चा हंगाम आठ सामन्यांचा होता. त्या संघाचे विजय प्रतिस्पर्ध्याचे पास पकडून मिळवलेल्या चेंडूंवर बरेच अवलंबून होते, आणि असे चेंडू दर वर्षी त्याच प्रमाणात मिळत नाहीत. क्वार्टरबॅक मायकल पेनिक्सचा गुडघा हंगाम संपत आला असताना गेला होता आणि २०२१ मध्ये तो शस्त्रक्रियेनंतर मैदानात येत होता. २०२४ मध्ये यातलं काय होतं? सामने तेरा. पहिल्या दहा विजयांत मिशिगनचा सामना सोडला तर एकही सामना चौदापेक्षा कमी गुणांच्या फरकाने जिंकलेला नाही. नशिबाने जिंकणारा संघ शेवटच्या मिनिटाला जिंकतो. दोन-दोन टचडाउनांच्या (एक टचडाउन म्हणजे साधारण सात गुण) फरकाने दर शनिवारी कुणी नशिबाने जिंकत नाही. रूर्क अंगठ्याच्या दुखापतीने बसला त्या आठवड्यातही वॉशिंग्टनला ३१-१७ हरवलं होतं. तरी मतदारांनी दोन्ही वर्षांवर एकच शिक्का मारला: इंडियाना, एक वर्षाचा चमत्कार.

आता ते दोन पराभव. ओहायो स्टेट आणि नोत्र दाम. जानेवारी २०२५ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात समोरासमोर कोण उभे होते? हेच दोघे. ओहायो स्टेट ३४-२३ ने जिंकला. म्हणजे इंडियाना संपूर्ण हंगामात फक्त विजेत्याकडून आणि उपविजेत्याकडून हरला होता, दोन्ही वेळा त्यांच्या मैदानावर. या दोन निकालांवरून इंडियाना पहिल्या चारांतला नाही असा निष्कर्ष काढा, मी मान डोलावतो. पण पहिल्या पंधरांतही नाही हे त्यातून कसं निघतं?

यादीत इंडियानाच्या वर बसलेल्यांकडे बघा. चौदाव्या क्रमांकावर मिशिगन: २०२४ मध्ये ८ विजय, ५ पराभव, आणि त्या पाचांपैकी एक इंडियानाकडून, २०-१५. पंधराव्या क्रमांकावर फ्लोरिडा, तिथेही ८-५. अठराव्या क्रमांकावर ओक्लाहोमा, ज्याने मागच्या वर्षी ६ सामने जिंकले आणि ७ हरले. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला संघ, अकरा विजय मिळवलेल्या संघाच्या दोन पायऱ्या वर. ओक्लाहोमाच्या बाजूने ‘नवा क्वार्टरबॅक आला, नवा आक्रमण-प्रशिक्षक आला, संघ सावरेल’ असा युक्तिवाद होता आणि तो चांगलाही होता. हाच युक्तिवाद इंडियानाला का नाही मिळाला? ओक्लाहोमात नवा क्वार्टरबॅक म्हणजे आशा, इंडियानात नवा क्वार्टरबॅक म्हणजे शंका. स्थळ बघताना मुलगा काय करतो हे नंतर विचारायचं आणि घराणं कुठलं हे आधी, तसला हा प्रकार.

वेळापत्रकाबद्दलही तेच. २०२५ मध्ये परिषदेबाहेरचे इंडियानाचे तीन सामने ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट यांच्याशी होते. टीका रास्त होती. असं वेळापत्रक मलाही आवडत नाही. पण दुसऱ्या क्रमांकाच्या पेन स्टेटने कुणाला बोलावलं होतं? नेवाडा, फ्लोरिडा इंटरनॅशनल आणि व्हिलानोवा. तिथे कुणी भुवई उंचावली नाही.

मग माणसांकडे वळू, कारण ऑगस्टच्या क्रमवारीचा खरा आधार तोच असायला हवा. बचावातले तीन आधारस्तंभ परतले होते: लाइनबॅकर एडन फिशर, बचावफळीच्या टोकाचा मिकाइल कामारा, ज्याने २०२४ मध्ये दहा वेळा क्वार्टरबॅकला पाडलं होतं, आणि कॉर्नरबॅक डीअँजेलो पाँड्स. तिघांचीही नावं देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-अमेरिकन याद्यांमध्ये आली होती, आणि तिघेही जेम्स मॅडिसनपासून सिग्नेटींबरोबरचे. पास झेलणारा रिसीव्हर इलायजा साराट परतला होता, आक्रमणफळीतला डाव्या बाजूचा टॅकल कार्टर स्मिथ परतला होता. आक्रमणाचे प्रशिक्षक माइक शॅनाहन आणि बचावाचे ब्रायंट हेन्स हे दोघेही मोठ्या पगाराच्या मागे न जाता जागेवर होते. यशस्वी हंगामानंतर लहान संघाचे सहायक प्रशिक्षक हमखास उचलले जातात. इथे तसं घडलं नाही. माझ्या हिशेबात ही त्या उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी बातमी होती, आणि तिच्यावर फार थोडं लिहिलं गेलं.

नोत्र दामविरुद्ध उघडं पडलं होतं ते दोन्ही बाजूंचं लाइन, म्हणजे चेंडूपाशी एकमेकांना भिडणारी फळी. दोन हंगामांच्या मधल्या काळात इंडियानाने नेमकं तिथेच काम केलं. आक्रमणाच्या फळीत मधोमध उभा राहणारा सेंटर म्हणून कुणाला आणलं? पॅट कूगनला. तो कुठला? नोत्र दामचा. ज्या रात्री नोत्र दामने इंडियानाला रेटून मागे ढकललं, त्या रात्री नोत्र दामचा सेंटर कूगनच होता. ज्या संघाने आपली दुखरी जागा ओळखली आणि ज्याने ती दुखवली त्यालाच घरी आणलं, त्या संघाबद्दल ‘मोठ्या संघापुढे टिकत नाही’ हे जुनं वाक्य ऑगस्टमध्ये जसंच्या तसं वापरता येत नाही.

मेंडोझाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाकडून त्याने ३,००४ यार्डांचे पास दिले, १६ टचडाउन, प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास फक्त ६, आणि सुमारे ६९ टक्के पास बिनचूक. हे त्याने केलं ते सारखी कोसळणारी लाइन समोर असताना. त्या वर्षी तो चाळीसहून जास्त वेळा पाडला गेला. त्याचे सामने बघताना मला आकड्यांपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटायची: मार खाऊनही पुढच्या डावात (म्हणजे चेंडूच्या पुढच्या खेपेला) तो चेंडू घाईने सोडत नसे, नजर मैदानावरच असायची. अशा मुलाला भक्कम लाइन आणि साराटसारखा रिसीव्हर दिला तर तो सुधारेल की बिघडेल? वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हायझमन ट्रॉफीपर्यंत सुधारेल हे मी लिहिलं नसतं. रूर्कपेक्षा कमी पडणार नाही, हे मात्र कागदावर दिसत होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक बदल आहे, आणि मतदानाची सवय त्याच्या मागे राहिली आहे. पूर्वी संघ चार-पाच वर्षांत घडायचा. अठरा वर्षांची मुलं भरती करायची, वाढवायची. मोठं नाव असलेल्या विद्यापीठाला चांगली मुलं मिळायची, म्हणून नाव बघून क्रमांक देण्यात तथ्य होतं. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येऊ लागलं, त्याच उन्हाळ्यापासून त्याला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. बावीस-तेवीस वर्षांचे, चार-चार हंगाम खेळलेले खेळाडू आता दोन हंगामांच्या मधल्या काळात जमवता येतात. पोरसवदा पंचतारांकित मुलापुढे असा पिकलेला खेळाडू बऱ्याचदा भारी पडतो. सिग्नेटी हे इतरांपेक्षा आधी ओळखून होते. त्यांनी ‘स्टार’ मोजले नाहीत, खेळलेले सामने मोजले.

मग ऑगस्टच्या पुराव्यावर योग्य क्रमांक कोणता? नववा ते बारावा. त्याच्या वर नाही, कारण पहिल्या दर्जाच्या संघाला हरवल्याचा पुरावा तोवर नव्हता आणि क्वार्टरबॅक नवा होता. मिशिगन, फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलिनाच्या खाली तर कुठल्याच हिशेबाने नाही.

मग हंगाम आला

२० सप्टेंबर, ब्लूमिंग्टन. दोन्ही संघ तीन-तीन सामने जिंकून आलेले. पाहुणा इलिनॉय नवव्या क्रमांकावर, यजमान इंडियाना एकोणिसाव्या. दोघांमध्ये दहा पायऱ्या होत्या. ऑगस्टच्या यादीत इलिनॉय बारावा होता आणि इंडियाना विसावा. ते अंतर सप्टेंबरपर्यंत तसंच चालत आलं होतं, थोडं वाढलंही होतं. मेंडोझाने २३ पास टाकले, २१ पोहोचले, पाच टचडाउन. इलिनॉयचा क्वार्टरबॅक सात वेळा पाडला गेला. निकाल ६३-१०. एका संध्याकाळी हे दहा क्रमांकांचं अंतर निकालात निघालं.

११ ऑक्टोबरला ओरेगनला त्यांच्या घरी ३०-२०. पहिल्या पाचांतल्या संघाला त्याच्या मैदानावर हरवण्याची इंडियानाची ही इतिहासातली पहिलीच वेळ. ‘मोठ्यांपुढे टिकत नाहीत’ या आक्षेपाचा निकाल त्या दिवशी लागला, ऑगस्टमध्ये नाही, हे मी मान्य करतो.

पण मला त्या हंगामातला सर्वांत बोलका सामना वाटतो तो ८ नोव्हेंबरचा, पेन स्टेटच्या मैदानावरचा. पेन स्टेट तोवर कोसळला होता. ओरेगन, यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्नकडून लागोपाठ हरून प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना घरी जावं लागलं होतं. तरी त्या दुपारी ते जीव तोडून खेळले. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा इंडियाना २० वर होता आणि पेन स्टेट २४ वर. समोर ८० यार्ड, हातात एकही टाइमआउट नाही. पहिल्याच डावात मेंडोझा पाडला गेला. उठला, आणि एकेक पास मोजून टाकत संघाला सात यार्डांवर आणलं. मग एंडझोनच्या (मैदानाच्या टोकाचा, टचडाउन मिळवायचा पट्टा) अगदी मागच्या कडेला उंच पास; ओमार कूपर ज्युनियर हवेत झेपावला, चेंडू धरला आणि बाहेर पडता पडता एका पायाचा अंगठा रेषेच्या आत टेकवला. ३६ सेकंद उरलेले. २७-२४. कॅलिफोर्नियातल्या त्या कोसळत्या लाइनमागे मार खात शिकलेली गोष्ट हीच होती.

पुढे बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटवर १३-१०, म्हणजे १९६७ नंतरचं पहिलं परिषद विजेतेपद. मेंडोझाला हायझमन. प्लेऑफमध्ये आधी रोझ बोलमध्ये अलाबामाचा ३८-३ असा धुव्वा, ज्यात आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली कूगनची, एका सेंटरची. पीच बोलमध्ये पुन्हा ओरेगन, ५६-२२, आणि पहिल्याच डावात पाँड्सने पास पकडून थेट टचडाउन केला. अंतिम सामना मायामीच्या घरच्या मैदानावर. कामाराने पंट (चेंडू दूर लाथाडण्याची किक) अडवला, त्यावर टचडाउन झाला. शेवटच्या क्वार्टरमध्ये मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन माणसं अंगावर घेत १२ यार्ड घुसला. शेवटी जमारी शार्पने कार्सन बेकचा पास पकडला. सोळा-शून्य असा हंगाम त्याआधी १८९४ मध्ये येलने केला होता.

यातून काय ठरलं, काय नाही

वरच्या एकोणीस जणांचं काय झालं? दुसऱ्या क्रमांकाचा पेन स्टेट आणि चौथ्या क्रमांकाचा क्लेमसन २७ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर पिनस्ट्राइप बोलमध्ये भेटले, दोघेही क्रमवारीबाहेर. फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलिना यांचे चार-चार विजय झाले, आठ-आठ पराभव. कॅन्सस स्टेट सहा-सहावर थांबला.

मात्र ओक्लाहोमा प्लेऑफमध्ये गेला. टेक्सस ए अँड एमसुद्धा गेला. या दोघांबद्दल मतदारांचा अंदाज चांगला ठरला, आणि हे सांगितलं नाही तर माझी मांडणी अप्रामाणिक ठरेल. ओक्लाहोमाच्या बाबतीत मतदारांनी मागच्या वर्षाचे पराभव बाजूला सारून आलेली माणसं बघितली आणि ते बरोबर निघाले. ही पद्धत त्यांना येत होती. इंडियानासाठी ती वापरली नाही, एवढीच माझी तक्रार.

इंडियानाचं विजेतेपद हा माझ्या हरकतीचा पुरावा नाही. मेंडोझाचा गुडघा सप्टेंबरमध्ये गेला असता आणि संघ आठ-चारवर थांबला असता, तरी मिशिगनला हरवून अकरा विजय मिळवलेला संघ मिशिगनच्या सहा पायऱ्या खाली ठेवणं ऑगस्टमध्ये चुकीचंच होतं. आणि कूपरचा अंगठा रेषेबाहेर पडला असता तर सोळा-शून्य झालं नसतं, हेही तितकंच खरं.

आता पारडं उलटं फिरणार आहे. मेंडोझा व्यावसायिक लीगच्या, एनएफएलच्या, वाटेला लागला, फिशर, कामारा, साराट आणि कूगन यांची कॉलेजची वर्षं संपली. नवा क्वार्टरबॅक जॉश हूवर टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठातून (टीसीयू) आला आहे; तिथे त्याने यार्ड भरपूर जमवले आणि चेंडूही बऱ्याचदा प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. ऑगस्ट २०२६ मध्ये इंडियानाकडे विजेत्याचं नाव असेल आणि मतदार त्या नावाला झुकतं माप देतील अशी दाट शक्यता आहे. मी तेव्हाही आधी कूगनच्या जागी कोण उभा आहे ते बघेन, शॅनाहन आणि हेन्स अजून जागेवर आहेत का ते बघेन, आणि हूवरचे पकडले गेलेले पास दबावाखाली गेले की घाईने, हे सामना-सामना काढून तपासेन. ते जमत नसेल, तर इंडियानाला खाली ठेवण्याच्या बाजूने मी तितक्याच जोराने लिहीन.